चांगल्या कापडावरच्या फुल्या

“सात दिवसांत तुम्हाला अकरा सीझर्स आले,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, “मॅडम, एकच. मी बटण एकदाच दाबलंय.”

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “बाकीचे दहा तुम्हाला कळलेच नाहीत.”

सीझर म्हणजे फिट. फिट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तोंडाला फेस आणि नाकाला कांदा येतो. माझं तसं नव्हतं. माझ्या आजाराचं नाव फोकल सीझर्स. मेंदूच्या एकाच कोपऱ्यात वीज उसळते. माणूस पडत नाही, डोळे उघडे असतात, हात काम करत राहतात. फक्त आत कुणी नसतं. हे शेवटचं वाक्य माझं आहे, मॅडमचं नाही.

तुमच्या घरात कुणी असं मधेच हरवत असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितेय.

मी भिवंडीत कापड चेकिंगला आहे, नऊ वर्षं झाली. लूमवरून उतरलेला ताका, म्हणजे कापडाचा अख्खा गठ्ठा, टेबलावर ओढायचा, धागा तुटलेला किंवा तेलाचा डाग दिसला की खडूने फुली मारायची, पुढे सरकायचं. ताका सुरू केला की चिठ्ठीवर वेळ लिहायची, संपला की लिहायची. भिंतीपलीकडे लूम धडधडत असतात. तो आवाज आम्हाला ऐकूच येत नाही, इतका तो अंगात गेलाय.

एक दिवस तो बंद पडला. दारातून लूम चालताना दिसत होते, पण आवाज नाही. दोन-तीन सेकंद. मग परत सुरू. असं चार-पाचदा झालं. मी म्हटलं, गेले कान! कानाच्या डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं, कान ठणठणीत आहेत.

मग शेठची तक्रार आली. चांगल्या कापडावर फुल्या! ना डाग, ना धागा, स्वच्छ कापड आणि त्यावर माझी फुली. मी भांडले. भांडायला मी कुणाला ऐकत नाही. समोरच्या टेबलवरची शबाना आपा मला बाजूला घेऊन म्हणाली, “मैंने खुद देखा है. तू मार रही थी. मैंने आवाज दी, तूने देखा भी, लेकिन तू थी नहीं.”

फुल्या माझ्याच होत्या. माझ्या फुलीचा एक पाय लांब असतो.

घरी काही सांगितलं नाही, ही माझी चूक. आठवड्याभरात सासूबाई मितूला आंघोळीला घ्यायला आल्या. मितू माझी मुलगी, तेव्हा दहा महिन्यांची. तिचं झबलं काढलं आणि त्या जागीच थांबल्या. “बाय गं, ही फुली कुनी काढली?”

मितूच्या पाठीवर पांढऱ्या खडूची फुली होती. एक पाय लांब.

खडूचा तुकडा माझ्या ड्रेसच्या खिशात होता, तो नेहमीच असतो. पण मी कधी काढली? मला काहीच आठवेना. शेजारणीने लगेच करणी म्हटलं, भगताचा पत्ताही दिला. आमचं बौद्धांचं घर, असलं आमच्यात चालत नाही. माझा नवरा राहुल तिच्यावर खेकसला, “आमच्याकडे दवाखाना आहे.” पण त्या दिवसापासून मितू सासूबाईंच्या खोलीत झोपायला लागली. मी तिला उचललं की त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहायच्या. बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते. माझं लेकरू आणि माझ्याच हातांवर पहारा! आणि खरं सांगू? पहारा हवाच, असं मलाही वाटत होतं.

ठाण्याला ईईजी झाला. ईईजी म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूतली वीज मोजायची. अर्धा तास मी शहाण्यासारखी पडून राहिले, आणि रिपोर्ट नॉर्मल! मला रडू फुटलं. नॉर्मल असेन तर मग मी काय आहे?

तेव्हा मॅडमनी वेअरेबल सेन्सर सुचवला. म्हणजे कातडीला चिकटवून फिरायचं यंत्र. दोन्ही कानांमागे मऊ पट्ट्या, आणि कमरेला काडेपेटीएवढा डबा, त्याला एक बटण. काही जाणवलं की दाबायचं. सात दिवस कामावर जा, जेवा, झोपा, सगळं तसंच. पहिल्याच दिवशी मी सवयीने डोक्याला तेल चोपडलं आणि दुपारी एक पट्टी निसटून ताक्यावर पडली. शबाना आपा ती चिमटीत धरून ओरडली. मॅडमही ओरडल्या. तुम्ही ही चूक करू नका. आठवडाभर तेल बंद.

अकरा सीझर्सच्या वेळा मॅडमनी कागदावर लिहून दिल्या. मी त्या कारखान्यात नेल्या. आपाने माझ्या चिठ्ठ्या काढल्या, ते ताके उलगडले. कागदावर सकाळी अकरा वीस, तर त्या वेळच्या ताक्यावर फुली. दुपारी पावणेतीन, फुली. अशा सहा. त्या कापडावर मी बोट फिरवत राहिले. तिथे दोष नव्हता. बिघाड आत होता, आणि खडू त्याची खूण बाहेर काढत होता.

गोळ्या सुरू झाल्या. मॅडम म्हणाल्या, “बाळाला जमिनीवर बसूनच घ्यायचं. एकटं असताना गॅस नाही, पाण्याची बादली नाही. आणि खडू कारखान्यातच ठेवा.”

काही महिन्यांनी पुन्हा पट्ट्या लावल्या. मला खात्री होती, आता काही नाही. आवाज एकदाही गेला नव्हता. रिपोर्टमध्ये एक निघाला. रविवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

रविवारी मी घरीच होते, मितूशी खेळत. सगळं आठवत होतं, कुठे भोक नव्हतं. घरी येऊन सासूबाईंना विचारलं. त्या वालाच्या शेंगा सोलत होत्या.

“झालेलं,” त्या म्हणाल्या. “मितू माज्याकडं आली. म्हनली, आई गेली. मी धावत आले तर तू बसलेलीस. उशीचा अभ्रा घडी करत होतीस, उलगडत होतीस.”

“मग?”

“मग ही तुज्या समोर बसली. तुज्या तोंडाकडं बघत. रडली न्हाय. थोड्या येळानं टाळी वाजवली, म्हनली, आई आली.”

“मला सांगितलं का नाही?”

“पोरीला भ्या वाटलं न्हाय, तुला कशाला घालू?”

मी हुंदके देऊन रडले. दीड वर्षाचं पोर. ते किती वेळा असं बसलं असेल माझ्यासमोर, त्या रिकाम्या तोंडाकडे बघत, वाट पाहत? मी कधी जाते ते मॅडमना कागदावर दिसतं. मी परत येते, हे या पोरीला आधीपासून माहीत होतं. सासूबाई शेंगा सोलत राहिल्या. मला काय वाटतंय ते त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. सासूबाई बहिणीला भेटायला अंजूरला निघाल्या. राहुल कामावर, घरात मी आणि मितू. त्यांनी सिलिंडर बंद केला, मोरीतली बादली उपडी केली. मग मला जमिनीवर बसवलं, मितूला माझ्या मांडीत ठेवलं, आणि मागे न बघता रिक्षाला गेल्या.