शेतातली बर्चची झाडी

शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत राहायचो तेव्हा खालच्या मजल्यावर एक रशियन बाई होत्या. सत्तरी उलटलेल्या, मुलाकडे राहायला आलेल्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं, माझं ऑफिसपुरतं, भागायचं.

२००६ च्या सुमाराला कॉम्प्युटरवर आकाशातून काढलेले फोटो दिसायला लागले. एका रविवारी सकाळी त्या वर आल्या. "माझं गाव दिसेल? मोजकी घरं होती, तीही पडली म्हणतात. शेतं सगळी कुणा एकाने घेतलीत. आईची कबर नांगराखाली गेली का, तेवढं बघ."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, तीही कॉम्प्युटर शिकलेली. असलं काम कुणी सांगितलं की मला बरं वाटायचं. त्या सांगत गेल्या तशी मी माउस सरकवत गेले. रेल्वे स्टेशन, नदी, नदीचं वळण, तिथून कच्चा रस्ता. रस्ता संपला तिथे गाव नव्हतंच. तपकिरी शेत, आणि मधोमध गडद हिरवा ठिपका. इथली कब्रस्तानं मी पाहिलेली, मोकळी हिरवळ आणि दगडांच्या रांगा. तसलं काहीच दिसेना.

"मावशी, सगळं नांगरलंय," मी हळूच म्हटलं. "नुसती झाडी राहिलीय."

त्या स्क्रीनला नाक लावून बसल्या. मग हसल्या. "इंजिनिअर ना गं तू? भर शेतात उगाच झाडी कोण ठेवेल? आम्ही कबरीपाशी बर्च लावतो. नांगर तिथून वळून जातो. आईजवळचं झाड मी लावलंय. केवढं झालं असेल आता."

आमच्या गावाबाहेर देवराई आहे. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नाही. मी तीच शोधून त्यांना दाखवली.

"इथे तुझं कोण?"

"देव. माणसं पलीकडे, वस्तीत. आई तिथे असते."

"असते? म्हणजे जिवंत आहे?"

"ठणठणीत."

"मग तिला कशाला फोटोत शोधतेस? फोन कर. माझं गाव परत लाव, मी बसते जरा माझ्या आईजवळ."

मी बर्चची झाडी परत आणून दिली, खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि भारतात फोन लावायचं कॉलिंग कार्ड घेऊन स्वयंपाकघरात गेले.