पहिल्याच प्रश्नाला कबूल

तो गुन्हा माझ्या डोक्यातून अजून जात नाही, आणि त्याचं कारण माझी हुशारी नव्हे. त्यात सगळ्यात मोठी चूक माझीच होती.

निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. लग्नसराई होती. दुपारी चारच्या सुमारास एका ढाबेवाल्याचा फोन आला, "साहेब, एक दारुडा म्हाताऱ्याला उडवून पडलाय, लवकर या." आम्ही पोचलो तेव्हा स्कूटर आडवी पडली होती आणि शेळ्या राखणारा एक म्हातारा पाय धरून कण्हत होता. पन्नाशीतला एक शेतकरी कडेला बसला होता. त्याची विशीतली मुलगी म्हाताऱ्याच्या पायाला ओढणी बांधत होती. बापलेक लग्नाचं जेवण उरकून घरी निघाले होते.

"गाडी कोण चालवत होतं?" मी विचारलं.

"मी," शेतकरी म्हणाला. "मीच."

तोंडाला भपकारा येत होता. यंत्रात फुंकायला लावलं तर आकडा मर्यादेच्या कितीतरी वर. रक्ताचा नमुना घेतला, पंचनामा झाला, गाडी जप्त झाली. दवाखान्यात हवालदाराने म्हाताऱ्याचा जबाब लिहून आणला आणि मी त्यावर सही ठोकली. ठाण्यात शेतकऱ्याला पुन्हा खोदून विचारलं, तरी त्याचं उत्तर तेच. मुलगी खाली मान घालून बसली होती. बापाची लाज वाटत असेल, असं मी धरून चाललो.

खरं तर तिथेच माझे कान टवकारायला हवे होते. प्यालेला माणूस कधी पहिल्या प्रश्नाला कबूल होत नाही. "मी नव्हतोच चालवत", "खोकल्याचं औषध घेतलंय", नाहीतर "तुम्ही मला ओळखलं नाही", हे सगळं मी शेकडो वेळा ऐकलेलं. पण यंत्रात आकडा आला की पोलीस पुढचं काही बघत नाही. मीही बघितलं नाही.

दारू पिऊन गाडी चालवण्याला पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षं आणि पंधरा हजारांपर्यंत मजल जाते. इथे म्हाताऱ्याच्या दुखापतीचं कलमही होतं. दोषारोपपत्र गेल्यावर शेतकऱ्याने न्यायालयात प्ली बार्गेनिंगचा अर्ज दिला. म्हणजे गुन्हा कबूल करायचा, जखमीला भरपाई द्यायची आणि शिक्षेत सवलत मागायची. यापूर्वी अशा गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही, असं प्रतिज्ञापत्र अर्जासोबत लागतं. मग न्यायाधीश आरोपीला एकट्याला आत बोलावून विचारतात, हे स्वखुशीने करतोस ना? तो हो म्हणाला. ते तर शंभर टक्के खरं होतं.

पुढची पायरी बैठकीची. सरकारी वकील, आरोपी, जखमी आणि तपास अधिकारी एकत्र बसून तोडगा ठरवतात. म्हातारा कुबडी घेऊन आला. दवाखान्याच्या खर्चावर त्याचं समाधान झालं. कागद लिहून व्हायच्या बेतात असताना तो सहज बोलला, "पोरीला कुनी बोलू नका. शेळी आडवी आली, तिनं तरी काय करावं? पडता पडता बापालाच वरडत हुती, 'आप्पा, नीट धरून बसा म्हनलं हुतं ना!'"

पुढे बसून गाडी चालवणाऱ्याला कोण सांगतं धरून बसायला? मी फाईल उलटली. म्हाताऱ्याच्या जबाबात, दुसऱ्या पानावर, हेच वाक्य होतं. खाली माझी सही.

शेतकऱ्याला बाहेर घेतलं. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, ती पोलीस भरतीत पास झालीय. मैदान झालं, लेखी झालं, आता फकस्त चौकशी ऱ्हायलीय. तिच्या नावावर केस नको. मी प्यालो हाय, ते खोटं न्हाई. मग शिक्षा मलाच हुद्या की."

"पिण्याची नाही, पिऊन गाडी चालवण्याची शिक्षा आहे ही," मी म्हणालो.

"मला कायद्यातलं कळत न्हाई. पोरीचं वाटुळं करू नका."

गप्प राहिलो असतो तर प्रकरण निकाली निघालं असतं आणि महिन्याच्या गुन्हे बैठकीत शाबासकीही मिळाली असती. तेवढ्यात जिन्याजवळ उभी असलेली मुलगी पुढे आली. "सर, गाडी मी चालवत होते. माझा जबाब घ्या. पहिल्या दिवसापासून झोप नाही मला."

"अगं, गप," बाप म्हणाला.

"नाही आप्पा. खोटं बोलून कुठली वर्दी घालू मी?"

पुरवणी जबाब झाला. चुकीच्या तपासाबद्दल मला वरिष्ठांचा मेमो मिळाला, आणि तो रास्तच होता. बापाला सोडताना न्यायाधीशांनी त्याला चांगलं खडसावलं. मुलीकडे लायसन्स होतं, ती प्यालेली नव्हती. म्हाताऱ्याने न्यायालयाच्या परवानगीने दुखापतीची तडजोड केली आणि तिला किरकोळ दंड झाला.

काही महिन्यांनी चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. 'आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?' या प्रश्नापुढे तिने 'होय' लिहून सगळी हकीकत दिली होती. मी शेऱ्यात लिहिलं, स्वतःहून खरे सांगितले. असा अर्ज हमखास मंजूर होतो असं नाही, पण लपवलेला गुन्हा पुढे उघडकीस आला तर नोकरी जाते, हे मी पाहिलेलं आहे. तिचा मंजूर झाला.

परवा एका नाकाबंदीवर ती दिसली, हातात तेच यंत्र. "काय, आकडे येतात का बरोबर?" मी विचारलं.

"येतात सर," ती म्हणाली. "पण अपघात असला, की मी आधी मागे बसलेल्याला विचारते, गाडी कोण चालवत होतं."