वरच्या काकांची करंगळी
आम्ही इथं परदेशात, व्हिटबी गावात, एका घराच्या बेसमेंटला राहतो, आणि वरचे वसईवाले काका आमच्या ह्यांना हरणाच्या शिकारीची रायफल शिकवतात. काका बंदूक उघडून आत गोळी राहिली नाही ना ते करंगळी घालून बघतात, दहादा बघतात, आणि हे हसतात.

"तिकडं देशात पिस्तूल चालवलंस, त्याचा माज इथं नको रे," काका म्हणतात, "हरणाच्या मागं कोण उभंय ते आधी बघ."

काल नेमबाजीच्या रेंजवरून आल्यावर ह्यांनी गोळ्यांचं मॅगझीन काढलं, "झाली रिकामी" म्हणाले आणि बंदूक सोफ्यावर ठेवली, नळी सरळ बाळाकडे! काकांनी झडप घालून ती उघडली, तर एक गोळी कार्पेटवर पडली. काकांनी आत करंगळी घालून पुन्हा बघितलं. त्यांनी मागचा बोल्टच काढून माझ्या हातात दिला.

"ह्याच्याशिवाय उडत नाही ती. लपव, पोरी."

तांदळात लपवलाय. हे सारखे विचारतात कुठंय, आणि मी बाळाला घट्ट धरून माहीत नाही म्हणते.