उकंडरावाची विरासत

वसमतच्या तहसील कचेरीसमोर चिंचेखाली चटई टाकून बसणारे तातेराव मुनशी मेलेल्या माणसांवर जगतात, असं लोक म्हणत; आणि ते ऐकून राग येण्याऐवजी तातेरावांना गंमतच वाटे. कुठल्याही गावी कुणी गेलं की तेराव्याचं जेवण पचायच्या आत वारस चटईपाशी हजर. कारण साधं होतं. कचेरी निजामाची, कारभार उर्दूत, आणि बापाचं शेत नावावर करायचं तर विरासतीचा अर्जही उर्दूतच लागे. तातेराव अर्ज लिहीत, साक्षीदारांना पढवत आणि पढवलेलं विसरणाऱ्यांना चारचौघांत झापत.

सन अडतीसच्या उन्हाळ्यात कुरुंद्याचा उकंडराव आला. बाप दगडोबा वारला होता, मागं अठरा एकर काळी जमीन. एकुलता एक मुलगा, म्हणजे अर्ज तातेरावांच्या डाव्या हातचा मळ. पण दगडोबाचा भाऊ ज्ञानबा आडवा पडला. त्याचं म्हणणं, उकंडराव दगडोबाचा मुलगाच नाही. तो विकलेला आहे.

तसं ते खोटंही नव्हतं. उकंडरावाआधीची चार लेकरं सटवाईनं ओढून नेली, म्हणून आई पंचफुलाबाईनं रीतीप्रमाणे पाचवं उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या चतुराबाईनं सूपभर ज्वारी देऊन ते विकत घेतलं आणि दूध पाजायला परत आईकडेच दिलं. लेकरू दुसऱ्याचं म्हटलं की मरण फसतं. पोरगं जगलं, आणि तिसाव्या वर्षी भरघोस मिशा घेऊन तातेरावांसमोर बसलं होतं. ही रीत ज्ञानबालाही ठाऊक होती. पण अठरा एकर दिसले की माणूस सोयीचं तेवढंच आठवतो.

तारखेला चतुराबाईनं हात झटकले. "माजी सात हायेत, हुजूर. आठवं कशाला घिऊ?"

जिंकलो, तातेराव मनात म्हणाले. तहसीलदारसाहेब बीदरकडचे. त्यांनी पंचफुलाबाईला विचारलं, "बोलो अम्मा, ये किसका बेटा है?"

पंचफुलाबाईनं पदर सावरला आणि खणखणीत सांगितलं, "चतुराबाईचा."

ज्ञानबाच्या तोंडावर दिवाळी उजाडली. तातेरावांनी कपाळावर हात मारला. साहेबांनी दुपारच्या नमाजापर्यंत मुदत दिली. तोवर आईनं मुलगा आपला म्हटला नाही, तर अर्ज खारीज.

चिंचेखाली तातेराव तडकले. "काहून वं माय? सकाळपासून पढवून राहिलो ना तुला!"

"तीस वर्सांत एकदाबी त्याला माजा म्हनलं न्हाई," म्हातारी म्हणाली. "चौघांला म्हनलं व्हतं. चारी गेले. जमीन जाऊ द्या. लेकरू ऱ्हाऊ द्या."

हिला रागवायचं तरी कशावरून? तिचं चुकतंय असं तातेरावांनाच वाटेना. ते नुसतेच समोरच्या उर्दू कागदाकडे बघत बसले, आणि बघता बघता त्यांचे डोळे चमकले.

"माय, सटवाई कोनत्या बोलीत ऐकती?"

"आपल्याच की."

"मग झालं तर! तिला उर्दू थोडीच येती? मला शिकाया सात वर्सं लागली, वर मौलवीच्या छड्या खाल्ल्या. तिला कोन शिकवनार?"

म्हातारीनं पदराचं टोक कमरेला खोचलं. "बराबर हाय," ती म्हणाली.

मुदत संपता संपता, तातेरावांनी पढवलेली उर्दू घोकत, ती पुन्हा साहेबांपुढं उभी राहिली. डोळे गच्च मिटून तिनं एका दमात सांगितलं, "हुजूर, ये मेरा बेटा है. चार गये. ये मेरा है."

साहेबांनी विरासत मंजूर केली. ज्ञानबा पागोटं सावरत मागच्या मागं निघून गेला.

बाहेर उकंडराव बैलांपाशी नुसताच उभा होता. आईनं हलवलं तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "माय, आजून एकदा म्हन की."

चटईवर तातेरावांना गहिवरून आलं, आणि गहिवरून आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

पंचफुलाबाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, वर आभाळाकडंही पाहिलं. मग त्या तीस वर्षांच्या बाप्याचं तोंड दोन्ही हातांत धरून ती हळूच म्हणाली, "मेरा बेटा." आणि लगेच मराठीत खेकसली, "जुंप आता बैल, उभा काय राहिला!"