ट्रंकेखालचा फर्मा

त्रिंबक गुप्ते माणसांचा तिरस्कार करीत, पण शिस्तीने. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते ज्यांचा सर्वांत जास्त तिरस्कार करीत त्याच माणसांना एकत्र बसवून कादंबरीवर बोलायला लावत. या उद्योगाला त्यांनी ‘स्नेह वाचक मंडळ’ असं नाव दिलं होतं. स्वातंत्र्य मिळालं, डोंबिवलीत भाताच्या खाचरांतून घरं उठू लागली, आणि दर चार घरांमागे एक माणूस असा निघाला, की आपण सुसंस्कृत आहोत हे लोकांनी येऊन पाहावं असं त्याला वाटे. अशी माणसं गुप्त्यांनी वेचून गोळा केली होती. दगड वेचावेत तशी, असं ते स्वतःशी म्हणत.

मंडळाची एक रीत होती. महिन्याला कादंबरी एकच घ्यायची. वाचणारी घरं आठ. एक पुस्तक महिन्यात आठ घरं कसं फिरणार? म्हणून पुस्तक आलं की गुप्ते दाढीच्या जुन्या पात्याने त्याची शिवण उसवत आणि सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करत. ते रात्रभर लोखंडी ट्रंकेखाली दाबून ठेवायचे, म्हणजे पानांचे कान वळत नाहीत. मग ते घरोघर वाटायचे आणि सभासदांनी आपापसांत अदलाबदल करीत राहायचं. त्यामुळे एखाद्या घरी नायिका आधी मरे आणि मग तिचं लग्न ठरे. याला कुणाची हरकत नव्हती. नायिका दोन्ही वेळा सारखीच रडे.

परत आलेल्या फर्म्यांवरून गुप्त्यांना माणसं कळत. मूळ कल्याणचे तानाजीराव चौबळ, पेशाने वकील, यांचे फर्मे छापखान्यातून नुकतेच निघाल्यासारखे कोरे करकरीत येत. मूळ ठाण्याच्या पोपटराव प्रधानांच्या फर्म्यावर तेलाचा डाग असे, पण तो नेहमी पहिल्या पानावर. त्या पानापुढे पोपटरावांचा हात कधी गेला नव्हता. आणि हेच दोघे बैठकीत सर्वांत जास्त बोलत. गुप्ते ऐकत बसत, आणि त्यांच्या ओठाच्या एका कोपऱ्यात एक बारीक हसू येऊन बसे. त्या हसण्यासाठीच ते मंडळ चालवतात की काय, असं पाहणाऱ्याला वाटलं असतं. स्वतः गुप्ते सभासदांच्या आधी पुस्तक वाचत नसत. मंडळ चालवणाऱ्याने घाई करू नये, असं ते म्हणत.

एका माणसाला मात्र या तिरस्कारातून सूट होती. विमलाबाई कल्याणच्या शाळेत शिकवत. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी विधवा झालेल्या, आता चाळिशीच्या अलीकडे, म्हाताऱ्या आईबरोबर डोंबिवलीत राहणाऱ्या. त्यांच्याकडून आलेला फर्मा मऊ होऊन येई, धुतलेल्या लुगड्यासारखा. बैठकीत त्या फारसं बोलत नसत. एकदा कुणा लेखकाविषयी इतकंच म्हणाल्या होत्या, “या माणसाला बायका फक्त दारात उभ्या असलेल्या दिसतात. आत जाऊन त्या काय करतात, ते त्याला ठाऊक नाही.” हे वाक्य गुप्त्यांच्या विधुर घरात वर्षभर मुक्काम करून राहिलं होतं. रात्री जेवताना ते त्यांच्यासमोर पाटावर बसे.

अखेर गुप्त्यांनी ठरवलं. या रविवारी बैठक संपली की विमलाबाईंना घरापर्यंत सोडायला जायचं आणि वाटेत लग्नाचं विचारायचं. या गावात वाचणारी माणसं दोनच आहेत. ती एका घरात राहिली तर बिघडलं कुठे?

त्यासाठी कोट हवा होता. रविवारी सकाळी कोट काढायला त्यांनी भिंतीकडची ट्रंक ओढली, आणि ट्रंकेच्या बुडाला चिकटून आलेला एक फर्मा जमिनीवर पडला. या महिन्याच्या कादंबरीचा सहावा फर्मा. वाटायचा राहून गेलेला.

गुप्ते उकिडवे बसले आणि तो तिथेच वाचू लागले. कादंबरीची नायिका गोदा सासर सोडून जाते, तो हा भाग. भर दुपारी, घर झोपलेलं असताना ती निघते. चपला हातात घेते, अंगण ओलांडल्यावर पायांत घालते. कुणी हाक मारत नाही. एवढंच. लेखकाने आवाज न करता लिहिलं होतं.

वाचून झाल्यावर गुप्ते मोठ्याने हसले. कादंबरीच्या पोटाला एवढं भगदाड पडलं आणि महिनाभर एका सभासदाने ‘फर्मा कुठे आहे’ म्हणून विचारलं नव्हतं! पत्ता आपल्यालाही लागला नव्हता, हा विचार मध्येच आला. तो त्यांनी माशी हाकलावी तसा हाकलला. विमलाबाईंच्या लक्षात नक्की आलं असणार. त्या आज बैठकीत म्हणतील. आणि त्या म्हणाल्या, की हा फर्मा कोटाच्या खिशातून काढून त्यांच्या हातात द्यायचा. मग पुढचं विचारायला वेगळे शब्द लागणार नाहीत.

बैठक राघो पाटलांच्या नव्या बंगल्याच्या ओट्यावर होती. राघो इथलाच, पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करणाऱ्यांतला. खाचरं विकून त्याने बंगला बांधला होता, आणि आठ जणांना पुरतील एवढ्या खुर्च्या गावात त्याच्याचकडे असल्यामुळे तो सभासद झाला होता.

चौबळ वकिलांनी घसा साफ केला. “या कादंबरीला एक कणा आहे,” ते म्हणाले. मागच्या महिन्यातल्या कादंबरीलाही त्यांच्या मते कणा होता.

“कणा आहेच,” पोपटराव म्हणाले, “पण कण्यापेक्षा मी म्हणेन, एक आर्तता आहे. काय तात्यासाहेब?”

मंडळात गुप्त्यांना तात्यासाहेब म्हणत. ते विमलाबाईंकडे पाहत होते. त्या चहाची बशी मांडीवर धरून स्वस्थ बसल्या होत्या.

राघोने हात वर केला. “मना त कायच समजला नाय. एका फर्म्यात गोदा सासरी हाय, लगेच दुसऱ्यात दवाखान्यात नर्स. मंग ती घरातून निंगाली कवा?”

ओट्यावर हशा पिकला. “अहो राघोबा, सगळं काय पत्त्यासकट सांगायचं असतं?” पोपटराव म्हणाले. “नीट वाचा जरा!”

“तुमच्याकडे तो फर्मा आला नसेल,” विमलाबाई म्हणाल्या. गुप्त्यांचा हात खिशाकडे गेला. “मी सांगते. गोदा पहाटे निघते. उंबऱ्यापाशी येते आणि परत फिरते. तुळशीला पाणी घालायचं राहिलेलं असतं. पाणी घालत असताना सासू पाठीमागून येते, गोदेच्या पायांवर डोकं ठेवते आणि म्हणते, मुली, जा, मला जाता आलं नाही.”

गुप्त्यांचा हात खिशात तसाच राहिला. कादंबरीत तुळस नव्हती. सासूही नव्हती, ती आत घोरत पडलेली होती.

“वा!” चौबळ म्हणाले. “तो प्रसंग म्हणजे कळस! मी तर म्हणतो, कादंबरीचा कणा तोच.”

“मी वाचताना थांबलो,” पोपटराव म्हणाले. “पुढे वाचवेना. डोळे भरून आले हो.”

“आसं व्हय,” राघो म्हणाला.

“तात्यासाहेब, तुम्ही गप्प का? तुळशीचा प्रसंग कसा वाटला?” पोपटरावांनी विचारलं.

विमलाबाई मान वळवून गुप्त्यांकडे पाहू लागल्या. बघ, गुप्ते मनात म्हणाले, हीसुद्धा यांच्यातलीच. फर्मा न वाचता तुळशी लावते. त्यांना सगळ्या ओट्यावर थुंकावंसं वाटलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हटलं, “अप्रतिम.”

उन्हं उतरल्यावर विमलाबाई निघाल्या. गुप्ते त्यांच्याबरोबर बांधावरून चालू लागले. आता लग्नाचं विचारायला नव्हे, पकडायला. विहिरीपाशी त्यांनी फर्मा काढला.

“तुळशीचा प्रसंग कादंबरीत नाही, विमलाबाई.”

“नाही.”

“हा फर्मा माझ्या ट्रंकेखाली राहून गेला होता. कुणाकडेच आला नव्हता. मला आज सकाळी सापडला. बाकीच्यांचं मी समजू शकतो, पण तुम्हीसुद्धा—”

“आज सकाळी?” विमलाबाई थांबल्या. “मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. पानांवर आकडे असतात हो. प्रधानांना विचारलं, ते म्हणाले, वाचून पुढे दिला. चौबळांना विचारलं, ते म्हणाले, फार सुंदर फर्मा आहे.”

गुप्त्यांना एरवी हसू आलं असतं. “मग मला का नाही विचारलंत?”

“तुम्ही विचाराल म्हणून थांबले. पुस्तक तुम्ही उसवता, मंडळ तुमचं. मला वाटायचं, बाकीचे राहू देत, हा एक माणूस तरी वाचतो. महिना गेला. मग आज म्हटलं, काहीतरी अचाट सांगून बघू. सासूला सुनेच्या पायांवर घातलं! म्हटलं, आता तरी तुम्ही म्हणाल, बाई, हे कुठल्या पानावर आहे?” त्यांनी पदर सारखा केला. “तुम्ही म्हणालात, अप्रतिम.”

“मला ठाऊक होतं की ते खोटं आहे. मी फर्मा वाचला होता.”

“मग तर जास्तच वाईट,” विमलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. वर्गातल्या मुलाची चुकलेली बेरीज दाखवावी तसं त्या म्हणाल्या.

दोघं थोडं चालली. विमलाबाईंचं दार आलं. आतून म्हातारीच्या खोकल्याचा आवाज येत होता.

“कोटाला डांबरगोळ्यांचा वास येतोय,” त्या म्हणाल्या. “कुठे जायचंय?”

“नाही,” गुप्ते म्हणाले. “कुठे नाही.”

“मग द्या तो फर्मा. एवढाच वाचायचा राहिलाय माझा.” त्यांनी फर्मा घेतला, आत गेल्या, आणि आतून कडी लागली.

पुढच्या महिन्यापासून विमलाबाई मंडळात आल्या नाहीत. शाळेची कामं वाढली असतील, असं चौबळ म्हणाले. कादंबरी पेलत नसेल, असं पोपटराव. मंडळ चाललंच. नव्या कादंबरीलाही कणा निघाला. गुप्ते ऐकत बसत, पण ओठाच्या कोपऱ्यातल्या त्या हसण्याला आता बसायला जागा मिळेना. कुणी ‘काय तात्यासाहेब?’ म्हटलं की त्यांची मान आपोआप डोलू लागे, आणि ती कशी थांबवावी हे त्यांना कळत नसे.

गोदेची कादंबरी त्यांनी दाभणाने शिवून कपाटात ठेवली. मध्ये सहावा फर्मा नाही. विमलाबाईंनी तो परत केला नाही, आणि गुप्ते मागायला गेले नाहीत.