तारखेची कोरी जागा

"तारीख तुम्ही टाका, साहेब." असं म्हणून तो रजिस्टर माझ्याकडे सरकवायचा आणि पेनाला टोपण लावून मोकळा व्हायचा.

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात मी टाइम ऑफिसला होतो आणि तो गेटवर. फौजेतून निवृत्त होऊन आलेला, म्हणून सगळे त्याला हवालदार म्हणत. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बुटांना पॉलिश, मिशीला तेल आणि चालण्यात परेड. अक्षर मोत्यासारखं, पण गेटपासवर तारखेची जागा कायम कोरी. त्यापायी त्याने मेमोसुद्धा घेतला. मी चिडवायचो, "हवालदार, लग्नाची तारीख तरी तुम्ही काढली का?"

"ती वडिलांनी काढली. म्हणून तर टिकलं."

मला वाटायचं, निव्वळ आळस. माणसं ओळखण्यात मी पहिल्यापासून असाच हुशार.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने पिशवीतून एक तेलकट डायरी काढली. एकाहत्तरच्या लढाईतली. "वाचा, आणि सांगा मी काय करू."

मी वाचू लागलो. 'आज पुऱ्या. न्हावी आला, निम्म्याच लोकांचे केस झाले.' 'मोजे वाळत नाहीत.' 'चहात साखर नाही, सगळे गप्प.' मी तोफा शोधत होतो आणि हाती लागत होते मोजे. मग एका पानावर, 'टपालाची गाडी आली. अकरा पत्रांवर तारीख टाकली.' खाली वेगळ्या शाईत, 'दहांवरच टाकायची होती.'

त्याने सगळं सांगितलं. तुकडीतल्या ज्यांना सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं त्यांची पत्रं हाच लिहायचा. गाडी कधी येईल याचा नेम नसे आणि आली की थांबत नसे. म्हणून सगळ्यांची खुशाली आधीच लिहून, सह्या घेऊन गठ्ठा तयार ठेवायचा. 'मी खुशाल आहे. काळजी करू नये.' तारीख तेवढी गाडी आल्यावर टाकायची. त्या दिवशी ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, याने भराभर तारखा टाकल्या आणि गठ्ठा दिला. संध्याकाळी कळलं की त्यातला एक जण, पुढच्या चौकीवर गेलेला बदलापूरचा पोरगा, दोन दिवसांपूर्वीच मारला गेला होता.

घरी आधी तार पोचली, मागून पत्र. पत्रावरची तारीख तारेतल्या तारखेच्या दोन दिवस पुढची. आईने तार फाडून टाकली.

पुण्यात नोकरी मिळत असताना हवालदार इकडे आला तो तिला खरं सांगायला. बदलापूर गावात खोली घेतली. आणि चौदा वर्षं दर रविवारी तिच्याकडे जाऊन तेच पत्र तिला वाचून दाखवत राहिला! तिचा धाकटा मुलगा भावाच्या मरणानंतरचा विधी, पुण्यानुमोदन, करू या म्हणाला, की ती अंगावर यायची. आता ती थकली होती.

"तिला असंच जाऊ देऊ का सांगू? माझं डोकंच चालत नाही."

माझंही चाललं नाही. तरी मी म्हणालो, "सांगा. मी येतो."

रविवारी गेलो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पत्र्याची पेटी. म्हातारीने पेटीतून पत्र काढलं. हवालदाराने ते हातात घेतलं, पण वाचलं नाही.

"आई, ही तारीख माझी हाय. त्यानं सही आधी केली होती. तारीख मी नंतर टाकली. तो तेव्हा नव्हता."

ती बराच वेळ सहीवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तारीख टाकली तवा तू व्हतास ना?"

"होतो."

"मंग खुशाल तू व्हतास."

हवालदार माझ्यासमोर रडला. मीही रडलो, लपवत नाही.

महिन्याभरात तिने पुण्यानुमोदन करू दिलं. आणि पुढच्याच रविवारी पेटी उघडून पुन्हा तेच पत्र याच्या हातात दिलं. म्हणाली, "वाच."

"साहेब, तिला कळलं का नाही कळलं?" सोमवारी गेटवर त्याने विचारलं. त्याने पत्र वाचलं होतं. ती गेली तोवर वाचत राहिला.

नव्वदनंतर कधीतरी तो निवृत्त होऊन साताऱ्याकडे आपल्या गावी गेला. दर दिवाळीला त्याचं कार्ड यायचं. एका वर्षी कार्ड आलं त्याच दिवशी दुपारी त्याच्या मुलाचा ऑफिसात फोन आला, की आठवड्यापूर्वी वडील गेले.

मी कार्ड पुन्हा काढलं. तेच मोत्यासारखं अक्षर. 'मी खुशाल आहे. काळजी करू नये.' तारखेची जागा कोरी, आणि टपालाचा शिक्का इतका पुसट की उजेडात धरूनही वाचता येईना.

टेबलावर पेन होतं. मी तारीख टाकली नाही. कार्ड माझ्या पेटीत आहे, आणि मधूनमधून मी ते काढून वाचतो.