मावशीनं चाखलं काय?

साठ-सत्तरच्या दशकात भाईंदरमध्ये कुणाचं पोट बिघडलंय, कुणाला खोकल्याची ढास लागतेय आणि कुणाच्या सासूचं दुखणं निव्वळ नाटक आहे, हे डॉक्टरांच्या आधी आमच्या शेजारच्या मावशींना कळत असे. मावशी मूळच्या रोह्याकडच्या. नवरा मिठागरावर कामाला होता. तो गेल्यावर त्यांनी तयार औषधांच्या बाटल्या दारोदार विकायला घेतल्या. बाम, खोकल्याचं औषध, पोटदुखीचा अर्क, दंतमंजन, सगळं एका वेताच्या टोपलीत. टोपली कमरेवर, आठी कपाळावर, आणि स्टेशनापासून कोळीवाड्यापर्यंत पायी फेरी. आर्जव हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. त्या गिऱ्हाइकाशी चक्क भांडत, आणि गिऱ्हाईक हरलं की बाटली घेई.

स्वतः चाखल्याशिवाय औषध विकायचं नाही, असा त्यांचा बाणा होता. त्यापायी त्या स्वतःला कधीही न झालेल्या रोगांतून सतत बऱ्या होत असत. बाळंतिणीचं टॉनिक त्यांनी पन्नाशी उलटल्यावर घेतलं, दात येणाऱ्या बाळांचं औषध चमचाभर प्यायल्या, आणि टकलावर केस उगवणारं तेल आपल्या भरघोस अंबाड्याला चोपडून गावभर हिंडल्या. "केस येतात की नाही ते टकल्याला विचार," त्या म्हणाल्या, "पण वास जात नाही, एवढं मी लिहून देते." जंतांचं औषध आलं तेव्हा मात्र त्या मध्येच गडप झाल्या. आम्ही काळजीत. शेवटी एके सकाळी भिंत धरत धरत बाहेर आल्या, ओट्यावर बसल्या आणि लढाई जिंकल्यासारख्या म्हणाल्या, "चालतं!"

शिवाय पहिला चमचा त्यांच्या डोळ्यांदेखत घ्यायचा. घेणारा तोंड वाकडं करायला लागला की त्या टोपलीवर हात ठेवून उभ्या राहत, आणि त्या नजरेपुढे भलेभले मुकाट्याने गिळत. मी लग्न होऊन रत्नागिरीहून नवीनच आले होते, जेवण जात नव्हतं. सासूबाईंनी माझ्यासाठी भूक लागण्याचं औषध मागितलं. मावशींनी मला समोर बसवलं, गावाकडच्या चार गोष्टी विचारल्या, आणि बाटली परत टोपलीत ठेवली. "हिला भूक आहे, हिला आई पाहिजे. माहेरी धाडा थोडे दिवस." मी त्या बाईवर तिथेच जीव टाकला.

या बाईचं एकच स्वप्न होतं, स्वतःचं दुकान. मुंबईचे घाऊक व्यापारी पहिला प्रश्न विचारत, "दुकान कुठाय?" आणि नाही म्हटलं की हिला सगळ्यांच्या शेवटी माल देत. टोपलीने कंबर धरली होती. बाजारातला एक गाळा रिकामा झाला तशा त्या मालकाकडे, किराणावाल्या गुजराती शेटकडे गेल्या. शेट भला माणूस, पण हसला. "मावशी, बाई माणूस दुकान कसा चालवेल? आणि एक टॉनिकवाला पण मागतोय. बघू, गिऱ्हाईक कोणाच्या मागे येते!"

तो टॉनिकवाला बाजाराच्या दिवशी गाडी घेऊन थेट त्या गाळ्यासमोर उभा राहिला. भोंगा, टाय, ऐटबाज मिशी. अशक्तपणा, खोकला, गॅस, केस गळणं, पोरांचा अभ्यास, सगळ्यावर एकच बाटली. बाजारातल्या मासेवाल्या बायका मन लावून ऐकत होत्या. बोलून बोलून त्याचा घसा बसला, तेव्हा पुढची एक शांतपणे म्हणाली, "मावशीनं चाखलं काय?"

"कौन मावशी?"

"न्हाय चाखलं तं आमी न्हाय घेत."

हे त्याने दहा जणींकडून ऐकलं, तेव्हा मुकाट्याने मावशींना बोलावणं धाडलं. मी त्यांच्याबरोबरच होते. हे औषध वाईट म्हटलं की गाळा यांचाच. मावशींनी चमचा घेतला, डोळे मिटले, जीभ फिरवली. "खोकल्याला चांगलंय," त्या म्हणाल्या. "बाकीचं सगळं थापा." मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. पण मावशी गाडीच्या पायरीवर चढल्या होत्या. "तू खोकतेस, ये पुढं. तुला काय झालंय? काही नाही? मग जा, मासळी वाया जाईल. गोमे, तुझ्या सासऱ्याला ने, पण पहिला चमचा मी येऊन देणार." त्यांनी निम्म्याहून अधिक गर्दी घरी पाठवली, आणि उरलेल्या बायकांनी गाडी रिकामी केली. टॉनिकवाला टाय सैल करून बघत राहिला. गर्दीमागून बघणाऱ्या शेटने तिथेच गाळ्याची किल्ली काढली. "घे मावशी. तू नको बोलते तरी लोक तुझाच ऐकते."

त्या दिवशी मासेवाल्यांनी मावशींना गाळ्यापर्यंत अक्षरशः उचलून नेलं. कुणी पापलेट दिलं, कुणी ओरडलं, कुणी नाचलं. मी तर भर बाजारात रडले.

दुकान झकास चाललं. पण थोड्याच दिवसांत मावशी चिडचिड करू लागल्या. बायका यायच्या, शेजारच्या दुकानातल्या पुरुषांकडे बघायच्या आणि "एक बाम द्या" म्हणून निघायच्या. "कुठं दुखतंय?" विचारलं की "नवऱ्यासाठी हवाय." मावशी मला म्हणाल्या, "बाटली विकतेय गं मी नुसती. चारचौघांत दुकानाच्या फळीवर आपलं दुखणं कोण मांडतं?" म्हणून दुपारी कुलूप लावून त्या पुन्हा कोळीवाड्यात जाऊ लागल्या. शेट कपाळ बडवायचा. मग गुडघे गेले, आणि तेही थांबलं. दुकानात नुसत्या रस्त्याकडे बघत बसायच्या. त्यांना तसं बघणं मला सहन व्हायचं नाही.

एका दुपारी मी तिथे होते. मासळी विकून परतणाऱ्या बायका दुकानासमोर थांबल्या. रिकाम्या टोपल्या त्यांनी बाहेर आडव्या उभ्या रचल्या, अशा की बाजारातून आतलं काही दिसू नये. एक म्हातारी पायरी चढून आत आली.

"तू येत न्हायस, तं आमीच आलू. सरक गो जरा, कंबरेचं सांगाचं हाय."

आयुष्यभर कुणाला पुढे बोलू न देणाऱ्या मावशींनी डोळे पुसले, आणि बाकावर थोड्या सरकल्या.